थकलेल्याला आधी भाकर: सेवा करणाऱ्यांना धीर देण्यामागची पार्श्वभूमी

घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि त्याचं सगळं तुम्हीच बघताय, किंवा तुम्ही नर्स आहात, पाळक आहात, अनाथ मुलांमध्ये काम करताय, तर "देव तुला बळ देईल" हे वाक्य तुम्ही शंभरदा तरी ऐकलं असणार. वाक्य खोटं नाहीये, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण बायबलमध्ये आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या इतिहासात हा धीर कसा दिला जायचा ते बघितलं तर त्याच्यासोबत भाकर असते, पाणी असतं, झोप असते, कुणाचे तरी हात असतात. नवीन करारात उत्तेजनासाठी जो ग्रीक शब्द आहे, पाराक्लेसिस, त्याच्या मुळाशीच कुणालातरी आपल्या बाजूला बोलावणं असा अर्थ आहे. म्हणून ही गोष्ट जरा मागून सांगते.

एलीया संदेष्टा घ्या, 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि लगेच पुढच्या अध्यायात हा माणूस रानात एका झुडपाखाली बसून म्हणतोय की प्रभू, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. तो उपदेश करत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असंही विचारत नाही, तो त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो! मग दुसऱ्यांदा उठवून सांगतो की खाऊन घे, पुढचा रस्ता तुला झेपणार नाही. देवाचं बोलणं होतं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आधी दोन वेळचं खाणं आणि दोन वेळची झोप.

मोशेचं पण तसंच. निर्गम 17 मध्ये लढाई चालू आहे, त्याचे हात वर असले की इस्राएल जिंकतं, खाली आले की हरतं, आणि हात तर माणसाचेच, ते भरून येणारच. तेव्हा अहरोन आणि हूर काय करतात तर त्याच्याखाली एक धोंडा सरकवतात, त्याला बसवतात आणि एकाने एक हात, दुसऱ्याने दुसरा असे सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात. पुढच्याच अध्यायात सासरा इथ्रो येतो, बघतो की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, आणि तोंडावर सांगतो की हे तू बरं करत नाहीस, तू पण झिजशील आणि ही माणसं पण. काम वाटून दे. मला हा सासरा फार आवडतो.

येशू तर मार्क 6 मध्ये स्वतः शिष्यांना म्हणतो, चला, जरा एकांतात जाऊन विसावा घ्या, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती. आता पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे. होडीतून तिथे पोचेपर्यंत लोक किनाऱ्याने धावत आधीच हजर. विसावा मोडला. ज्यांनी रात्री दोनला कुठे डोळा लागतोय तोच हाक ऐकलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या मंडळीत लवकरच दिसलं की सेवेला माणसं आणि व्यवस्था दोन्ही लागतात. विधवांना रोजचं अन्न वाटताना काहींकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितलं आणि ते काम त्यांच्याकडे दिलं (प्रेषितांची कृत्ये 6). पण मला त्या काळातला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस म्हणजे एपफ्रदीत. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला तुरुंगातल्या पौलाची मदत करायला पाठवलं, तिथे तो स्वतःच आजारी पडला, मरता मरता वाचला, आणि वर त्याला ही काळजी की आपण आजारी आहोत हे घरच्यांना कळलंय. पौल त्याला अजून थोडं सोस असं म्हणत नाही. त्याला घरी पाठवतो, सोबत पत्र देतो की याला आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान ठेवा.

त्या पत्रात जीव धोक्यात घालणं यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याच्याशी नातं असलेल्या शब्दावरून पुढे अलेक्झांड्रियात आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांना पाराबोलानी म्हणायला लागले. इसवी सन 416 च्या कायद्याने त्यांची संख्या 500 वर आणली, 418 मध्ये 600 केली. संख्येला ही मर्यादा घातली कारण हे लोक शहरातल्या दंगलींमध्येही उतरायला लागले होते, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही, सेवेचं नाव लावलं म्हणून माणूस आपोआप पवित्र होत नाही.

त्याच्या आधी, तिसऱ्या शतकाच्या मध्यात मोठी साथ आली होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहिलंय की आपले बरेच भाऊ आजाऱ्यांची सेवा करता करता त्याच आजाराने गेले, आणि त्याने अशा मरणाला हुतात्म्याच्या मरणाच्या बरोबरीचं मानलं. चौथ्या शतकात बिशप बासिलने कैसरिया शहराच्या बाहेर आजारी, गरीब, कुष्ठरोगी यांच्यासाठी एवढी मोठी वसाहत उभी केली की त्याचा मित्र ग्रेगरी त्याला नवं शहरच म्हणाला. रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत घरच्या बाईने हॉस्पिटल काढलं, आणि जेरोम लिहितो की ती आजाऱ्यांना स्वतःच्या खांद्यावरून आणायची.

पण सेवा करणाऱ्याचाच विचार कुणी बारकाईने केला असेल तर तो सहाव्या शतकात बेनेडिक्टने. त्याच्या मठाच्या नियमावलीतलं 35 वं प्रकरण स्वयंपाकघरात आठवडाभर पाळी असणाऱ्यांबद्दल आहे. त्यात लिहिलंय की जे अशक्त आहेत त्यांना मदतनीस द्या, म्हणजे त्यांना हे काम दुःखी मनाने करावं लागणार नाही. वाढणाऱ्यांना जेवणाच्या एक तास आधी थोडं पेय आणि ब्रेड द्या, म्हणजे ते कुरकुर न करता आणि जास्त त्रास न होता भावांना वाढतील. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हा विचार केला की वाढणाऱ्याच्या पोटात पण काहीतरी असलं पाहिजे. आठवडा संपला की पाळी संपवणारा आणि नवीन पाळीवाला मिळून सगळ्यांचे पाय धुणार, मग रविवारी प्रार्थनेत जाणारा म्हणणार की देवा तू मला साहाय्य केलंस, माझं सांत्वन केलंस, आणि येणारा म्हणणार की देवा माझ्या साहाय्याला धाव, आणि ही दोन्ही वाक्यं तीन तीनदा म्हटली जाणार. भांडी घासायच्या पाळीसाठी एवढं! आणि पुढच्या प्रकरणात आजाऱ्यांची सेवा ख्रिस्ताची सेवा समजून करा असं सांगून लगेच आजाऱ्यालाही सांगितलंय की जास्तीच्या मागण्या करून सेवा करणाऱ्या भावांना त्रास देऊ नका. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. इतक्या वर्षांत आमच्याकडे ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

बाराव्या शतकात बर्नार्ड या मठाधिपतीचा एक जुना शिष्य पोप झाला, तिसरा युजीन, आणि कामाखाली दबून गेला. बर्नार्डने त्याला कळवळून लिहिलं की या धबडग्यात तुझं मन दगड होईल याची मला भीती वाटते, तू सगळ्यांचा आहेस ना, मग त्या सगळ्यांमध्ये तू स्वतःला पण धर. एका प्रवचनात त्याने पाट आणि टाकं असा फरक केलाय, पाट आलेलं पाणी लगेच पुढे सोडून देतो, टाकं आधी भरतं आणि मग त्यातून ओसंडतं, आणि मंडळीत पाट खूप झालेत, टाकी कमी आहेत असं तो म्हणतो.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिन्सेंट दि पॉल आणि लुईझ दि मारियाक यांनी 1633 मध्ये ज्या बायकांना एकत्र आणलं त्या मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या नव्हत्या, त्या गरिबांच्या घरोघरी जायच्या. प्रार्थनेच्या वेळेलाच आजाऱ्याकडून बोलावणं आलं तर? व्हिन्सेंटचं उत्तर होतं की जा, ते देवासाठी देवाला सोडणं आहे. आज किती तरी जणांना आईला सोडून रविवारी चर्चला जाता येत नाही आणि त्याचं ओझं मनावर असतं, त्यांना हे उत्तर कुणीतरी सांगायला हवं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत फ्लीडनर पतिपत्नींनी कैसर्सवर्थला 1836 मध्ये डीकनेस, म्हणजे चर्चच्या वतीने आजारी-गरिबांची सेवा करणाऱ्या, सेविकांचं घर सुरू केलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथेच शिकायला जाऊन राहिली आणि पुढे 1872 पासून आपल्या शाळेच्या नर्सिंगच्या मुलींना ती उत्तेजनाची लांबलचक पत्रं लिहायची. त्याच काळात विल्हेल्म लोहे याने सेविकांसाठी एक प्रश्नोत्तर लिहिलं, माझं वेतन काय, तर मला सेवा करू दिली जाते हेच माझं वेतन. शब्द सुंदर आहेत आणि कितीतरी जणी त्यावर आयुष्यभर जगल्या. पण मला वाटतं इथे कुठेतरी बेनेडिक्टचा तो तासभर आधीचा ब्रेड मागे पडला, आणि दमले असं म्हणणं म्हणजे प्रेम कमी पडलं असं वाटायला लागलं. ते आपल्या घरांमध्ये अजून आहे.

बर्नआउट हा शब्द या अर्थाने 1974 मध्ये फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने लिहिला तेव्हा चर्चमध्येही लोकांना स्वतःच्या थकव्यासाठी नाव मिळालं. 2007 मध्ये मदर तेरेसांची खासगी पत्रं छापून आली, त्यात दिसलं की कित्येक वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं आणि तरी त्या रोज कामाला जात होत्या. काही जणांना धक्का बसला. सेवा करणाऱ्या बऱ्याच जणांना मात्र हायसं वाटलं असणार, मला तरी वाटलं.

आणि सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झालेली बाई, जिने 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. मरणाच्या दारात असलेल्यांची सेवा कशावर उभी आहे हे सांगताना तिने गेथशेमाने बागेतलं, अटकेच्या आदल्या घटकेचं येशूचं वाक्य घेतलं, माझ्याबरोबर जागे राहा. त्याचा अर्थ तिने असा लावला की दुःख समजावून सांगा किंवा काढून टाका असं यात नाही, मुख्य म्हणजे तिथे असा.

माझ्या आईच्या शेवटच्या महिन्यांत आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांनी वचन वाचलं नाही की काही समजावलं नाही. खुर्ची पलंगाजवळ ओढली, औषधाच्या वेळा एका कागदावर माझ्याकडून लिहून घेतल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, खा आणि जाऊन झोप गं, मी आहे इथे. मी पाच तास झोपले. उठले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, आईचा हात हातात धरून.