एका वाढदिवसाच्या तीन तारखा: ब्रिटनमधील स्त्रियांच्या पेन्शनवादाची पार्श्वभूमी

उदाहरणादाखल इंग्लंडमधल्या एका घरातल्या तीन बहिणी घेऊ. तिघींचा वाढदिवस १० ऑक्टोबरलाच येतो. थोरली १९४९ची, मधली १९५२ची आणि धाकटी १९५४ची. थोरलीला साठाव्या वाढदिवशी, म्हणजे १० ऑक्टोबर २००९ रोजी, सरकारी पेन्शन लागू झाली. मधलीला ती साडेबासष्ट वर्षे उलटल्यावर, ६ मे २०१५ रोजी मिळाली. धाकटीला मात्र सहासष्ट पुरी होईपर्यंत, म्हणजे १० ऑक्टोबर २०२०पर्यंत थांबावे लागले. थोरल्या आणि धाकट्या बहिणीच्या वयात पाच वर्षांचे अंतर. पेन्शनच्या तारखांत ते अकरा वर्षांचे झाले. बहिणी कल्पित असल्या तरी तारखा कायद्याच्या तक्त्यातल्या आहेत, आणि १९५०च्या दशकात जन्मलेल्या पस्तीस लाखांहून अधिक ब्रिटिश स्त्रियांना नुकसानभरपाई द्यावी की नाही, हा वाद याच तक्त्यातून उभा राहिला आहे.

आपल्याकडे पेन्शन म्हटले की सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ब्रिटनची ‘स्टेट पेन्शन’ तशी नाही. कारखान्यातली कामगार, दुकानातली विक्रेती, स्वतःचा धंदा करणारी, अशा सर्वांना ती राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीच्या जोरावर मिळते. कोणाकडे नोकरी केली याच्याशी तिचा संबंध नसतो. नोकरी कधी सोडायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, पण ही पेन्शन कोणत्या दिवशी सुरू होणार ते संसद ठरवते. त्यामुळे वयाचा आकडा हलला की घरोघरचे हिशेब हलतात, आणि त्यात इथून जाऊन लंडन-बर्मिंगहॅमकडे नोकरीत जन्म काढलेल्या आपल्या बायकाही आल्या. (त्यांतली जी भारतात परतून राहते तिची पेन्शन पुढे दरवर्षी वाढत नाही, तेही एक जुने गाऱ्हाणे आहे, पण ते निराळे.)

सरकारी पेन्शनचा पहिला ब्रिटिश कायदा १९०८ साली झाला आणि १ जानेवारी १९०९पासून गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. वयाची अट सत्तरची होती आणि ती स्त्री-पुरुषांना सारखीच होती. १९२५च्या कायद्याने वर्गणीवर आधारलेली पेन्शन आणली व वय पासष्टावर आले, तेही दोघांना सारखेच. म्हणजे स्त्रियांचे पेन्शनवय मुळापासूनच कमी होते, हा समज खरा नाही. भेद पडला तो १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, आणि त्यामागे दोन कारणे होती. एक असे की बायको सहसा नवऱ्याहून काही वर्षांनी लहान असल्यामुळे नवऱ्याला पासष्टाव्या वर्षी पेन्शन लागली तरी तिची सुरू होईपर्यंत दोघांना एकाच्याच पैशांत भागवावे लागे. दुसरे कारण अविवाहित स्त्रियांच्या चळवळीचे. पहिल्या महायुद्धाने तरुणांची एक पिढी गिळल्यावर लग्नावाचून राहिलेल्या कितीतरी जणी गिरण्यांत राबता राबता म्हाताऱ्या होत होत्या. वर्गणी भरत होत्या, पण पासष्टीपर्यंत अंग साथ देत नव्हते. लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडफर्ड शहरात फ्लॉरेन्स व्हाइट यांनी १९३५ साली अशा स्त्रियांची संघटना उभी केली आणि पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मागितली. संसदेने पंचावन्न मान्य केले नाही. विमेदार स्त्रियांना आणि विमेदारांच्या बायकांना साठ दिले. बायकांना उगाच मिळालेली सवलत म्हणून आज जिचा उल्लेख होतो, तिचा उगम असा गिरणीच्या दारात आहे.

पुढे अर्धे शतक ६५ आणि ६० हे आकडे इतके रुळले की साठीला पेन्शन ही बाईच्या आयुष्यातली ठरलेली गोष्ट झाली. १९५०च्या दशकात जन्मलेली पिढी याच गृहीतावर वाढली. या स्त्रिया नोकरीला लागल्या तेव्हा समान वेतनाचा १९७०चा कायदा कागदावर होता, पण तो अमलात यायला १९७५ साल सरत आले. विवाहित बाईने राष्ट्रीय विम्याची कमी वर्गणी भरून नवऱ्याच्या पेन्शनवर विसंबावे, अशी सोय १९७७पर्यंत नव्याने पत्करता येत होती. कमी वर्गणीच्या या ‘छोट्या स्टॅम्प’ने हातात चार पैसे जास्त पडत, पण स्वतःच्या नावावर पेन्शन साठत नसे. अर्धवेळ काम करणाऱ्यांना अनेक कंपन्यांच्या पेन्शन योजनांत प्रवेशच नव्हता, आणि तो अडथळा नव्वदच्या दशकात न्यायालयांच्या निकालांनंतर हटला. तेव्हा या पिढीतल्या पुष्कळ जणींना कंपनीची पेन्शन नाही किंवा नावापुरती आहे, आणि म्हातारपणाचा मुख्य आधार सरकारी पेन्शनचाच आहे, ही वस्तुस्थिती पुढचा सगळा वाद समजून घेताना विसरता येत नाही.

मात्र स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगत असताना त्यांना पेन्शन पाच वर्षे आधी का, या प्रश्नालाही समाधानकारक उत्तर उरले नव्हते. १७ मे १९९० रोजी युरोपीय न्यायालयाने बार्बर खटल्यात कंपनीची पेन्शन हे वेतनच आहे आणि तिच्यासाठी स्त्री-पुरुषांना निरनिराळे वय ठेवता येणार नाही, असा निकाल दिला. सरकारी पेन्शनला युरोपीय नियमांतून सूट होती, तरी कंपन्यांत एक वय आणि सरकारात दुसरे हे फार काळ चालण्यासारखे नव्हते. आता समान वय साठ ठेवायचे की पासष्ट, एवढाच प्रश्न राहिला, आणि खर्चाने त्याचे उत्तर आपोआप दिले. नोव्हेंबर १९९३च्या अर्थसंकल्पात हुजूर पक्षाचे अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी पासष्टाची घोषणा केली आणि १९९५च्या पेन्शन कायद्याने वेळापत्रक घातले: एप्रिल २०१० ते एप्रिल २०२० या दहा वर्षांत स्त्रियांचे वय टप्प्याटप्प्याने साठावरून पासष्टावर न्यायचे आणि ६ एप्रिल १९५०पूर्वी जन्मलेल्यांना हात लावायचा नाही. पहिला फटका बसायला पंधरा वर्षांचा अवधी होता. कायदा म्हणून त्यात उतावीळ काही नव्हते, आणि चळवळीतल्या बहुतेक स्त्रियांचीही वय समान करण्याला हरकत नाही.

हरकत आहे ती हे वेळापत्रक संबंधित बायकांपर्यंत पोचवण्याच्या पद्धतीला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पत्रके छापली गेली, मागेल त्याला पेन्शनचा अंदाज कळवला जाई, आणि २००१ साली तर पेन्शनवर गप्पा मारणाऱ्या बोलक्या मेंढपाळ कुत्र्यांची जाहिरातमोहीमही झाली. पण ज्या बाईला आपली तारीख बदलली आहे हेच ठाऊक नाही ती अंदाज मागवायला कशाला जाईल? २००४ साली पेन्शनचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यानेच केलेल्या पाहणीत असे दिसले की वयबदलाची झळ बसणाऱ्या स्त्रियांपैकी फक्त ४३ टक्क्यांना आपले पेन्शनवय पासष्ट किंवा साठ-पासष्टच्या दरम्यान असल्याचे माहीत होते. आकडा हातात असूनही प्रत्येकीला पत्र धाडण्याचा निर्णय रेंगाळला. पत्रे निघाली ती एप्रिल २००९पासून, तीही जन्मतारखेच्या क्रमाने, आणि मार्च २०११मध्ये कायदा पुन्हा बदलतो आहे म्हणून थांबवण्यात आली. तोवर ५ एप्रिल १९५३पर्यंत जन्मलेल्यांचीच पाळी आली होती. आपल्या मधल्या बहिणीला पत्र गेले. धाकटीचे त्यानंतर, जानेवारी २०१२ ते नोव्हेंबर २०१३ या काळात केव्हातरी निघाले, म्हणजे ती सत्तावन्न ते एकोणसाठ वर्षांची असताना.

मध्यंतरीचा बदल साधा नव्हता. मे २०१०मध्ये सत्तेवर आलेल्या हुजूर व उदारमतवादी लोकशाहीवादी पक्षांच्या आघाडीने आपल्या करारनाम्यात लिहिले होते की स्त्रियांचे पेन्शनवय ६६कडे नेण्यास २०२०पूर्वी सुरुवात होणार नाही. पाच महिन्यांत, ऑक्टोबर २०१०च्या खर्च आढाव्यात, त्याच सरकारने ती मुदत गुंडाळून ठेवली. नव्या आराखड्यात स्त्रियांचे वय नोव्हेंबर २०१८पर्यंत ६५ आणि लगोलग ६६ व्हायचे होते, आणि काहीजणींची पेन्शन त्यामुळे आणखी दोन वर्षे लांबत होती. आरडाओरडा झाल्यावर १.१ अब्ज पौंड सोडून वाढीव प्रतीक्षेला अठरा महिन्यांची मर्यादा घातली गेली व ६६चा टप्पा ऑक्टोबर २०२०वर गेला. हा कायदा ३ नोव्हेंबर २०११ रोजी संमत झाला. धाकट्या बहिणीच्या बाबतीत १९९५च्या तक्त्यातली ६ मे २०१९ ही तारीख पुसून १० ऑक्टोबर २०२० आली: सतरा महिने, आणि तेही नव्याने बचत करायला फारसा वाव न उरलेल्या वयात. माझ्या मते अन्यायाचा खरा सल इथे आहे. पंधरा वर्षांच्या सूचनेचे तत्त्व ज्या व्यवस्थेने १९९५ला पाळले, तिनेच ते २०११ला मोडले.

२०१५ साली पाच स्त्रियांनी ‘वास्पी’ ही मोहीम सुरू केली. सरकारी पेन्शनमधील विषमतेविरुद्ध स्त्रिया, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. मताधिकाराच्या चळवळीची आठवण देणारे जांभळे पट्टे अंगावर घेऊन वेस्टमिन्स्टरसमोर उभ्या राहिलेल्या साठीतल्या बायका हे ब्रिटिश राजकारणातले नेहमीचे दृश्य झाले. मागणी होती भरपाईची, जुने वय परत आणण्याची नव्हे. साठीपासूनची पूर्ण थकबाकी मागणारा दुसरा गट न्यायालयात गेला, पण ऑक्टोबर २०१९मध्ये उच्च न्यायालयात व सप्टेंबर २०२०मध्ये अपील न्यायालयात हरला. पेन्शनवय ठरवणे संसदेचा अधिकार आहे आणि प्रत्येकीला वैयक्तिक सूचना देण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नव्हते, असा त्या निकालांचा रोख होता. मजूर पक्षाने नोव्हेंबर २०१९च्या निवडणूक प्रचारात ५८ अब्ज पौंडांचे आश्वासन दिले आणि निवडणूक गमावली.

राहिला मार्ग संसदीय लोकपालाचा. लोकपाल कायदा रद्द करू शकत नाही किंवा तो चुकीचा होता असेही म्हणू शकत नाही. खात्याने काम नीट केले की नाही एवढेच तो पाहतो. सहा नमुना तक्रारी तपासून जुलै २०२१च्या अहवालात लोकपालाने गैरकारभाराचा ठपका ठेवला: २००४ची पाहणी हाती असताना खात्याने २००५मध्ये योग्य निर्णय घेतला नाही, आणि पत्रे डिसेंबर २००६पर्यंत निघायला हवी होती. ती एप्रिल २००९मध्ये निघाली, म्हणजे अठ्ठावीस महिने उशिरा. २१ मार्च २०२४च्या अंतिम अहवालात प्रत्येकी १,००० ते २,९५० पौंड भरपाईची शिफारस आली. ही रक्कम बुडालेल्या पेन्शनची नाही, वेळेवर माहिती न मिळाल्याने निर्णय घेण्याची संधी गेली आणि मनस्ताप झाला त्याची आहे. खाते शिफारस मानेल असा भरवसा नसल्याने लोकपालाने प्रकरण थेट संसदेपुढे ठेवले, आणि असे क्वचितच घडते.

दरम्यान सत्ताबदल होऊन मजूर पक्षाचे सरकार आले. विरोधात असताना वास्पीच्या कार्यकर्त्यांबरोबर छायाचित्रे काढून घेतलेल्या लिझ केंडल यांनीच त्या खात्याच्या मंत्री म्हणून १७ डिसेंबर २०२४ रोजी उशिराबद्दल माफी मागितली आणि भरपाई नाकारली. त्यांची कारणे तीन होती: न मागता आलेले पत्र चौघांपैकी एकालाच आठवते, त्यामुळे लवकर पत्रे धाडूनही फारसा फरक पडला नसता, वय बदलत असल्याचे २००६च्या पाहणीत ९० टक्के स्त्रियांना ठाऊक होते, आणि सरसकट भरपाईचा साडेदहा अब्ज पौंडांपर्यंतचा खर्च करदात्यांवर टाकणे न्याय्य नाही. यांतले तिसरे कारण राजकीय आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. दुसरे मात्र तपासून घ्यावे असे आहे, कारण ‘वय बदलते आहे’ हे कानावर असणे आणि आपली स्वतःची तारीख माहीत असणे यांत फार अंतर आहे. ४३ टक्के आणि ९० टक्के हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात ते या अंतरामुळेच. पहिल्या कारणाला तर कागदपत्रांनीच अडचणीत आणले. वास्पीने या नकाराला न्यायालयात आव्हान दिल्यावर खात्याचा २००७चा एक जुना मूल्यमापन अहवाल पुढे आला. न मागता धाडलेल्या पेन्शन-अंदाजाच्या पत्रांचा उपयोग किती, हे त्यात जोखलेले होते, आणि ती पत्रे थांबवण्याच्या निर्णयामागे तोच होता. केंडल यांच्यासमोर तो ठेवलाच गेला नव्हता. म्हणून ११ नोव्हेंबर २०२५ रोजी नवे मंत्री पॅट मॅकफॅडन यांनी निर्णय नव्याने घेण्याचे जाहीर केले, मात्र त्याचा अर्थ भरपाई मिळणारच असा नाही, हेही त्याच दमात सांगितले.

बायकांचा रोष मुख्यतः २०११च्या कायद्यावर असताना भरपाईचा हिशेब २००६ ते २००९च्या टपालावर मांडला जातो आहे, हे या वादाचे विचित्र स्वरूप आहे. लोकपालाच्या अठ्ठावीस महिन्यांत धाकट्या बहिणीचे ते सतरा महिने कुठेच मोजलेले नाहीत.