पॅटिओ की व्हरांडा?

पाऊस आला की दोन्हींतला फरक लगेच कळतो. व्हरांड्यात खुर्ची टाकून पाऊस बघत बसता येतं. पॅटिओतली खुर्ची मात्र उचलून आत आणावी लागते. व्हरांड्याला छप्पर असतं. पॅटिओला फरशी असते, वर आभाळ.

हल्ली बंगल्यामागच्या फरसबंद जागेलाही पॅटिओ म्हणतात. हा अमेरिकेत रुळलेला, विसाव्या शतकातला अर्थ. स्पेनमधला मूळ 'पातिओ' घराच्या मागे नाही, घराच्या पोटात असतो. दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तिथे घराला गारवा देणारी ही जागा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर वरच्या मजल्यापर्यंत जेरेनियमच्या कुंड्या टांगलेल्या. हात पोचत नाही, म्हणून लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून एकेका कुंडीला पाणी घालतात. दर मे महिन्यात कोर्दोबाचे लोक आपले पातिओ परक्यांनाही बघायला उघडे ठेवतात. त्यांची स्पर्धा १९२१ साली सुरू झाली आणि २०१२ मध्ये या उत्सवाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

शब्दाचं मूळ शोधताना 'उघडं असणे' या अर्थाचा लॅटिन 'पातेरे' चटकन सुचतो, कारण अर्थ छान जुळतो. पण स्पॅनिश कोशकारांचा कल दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतल्या 'पातू'कडे आहे. त्याचा अर्थ पडीक जमीन. मला हेच जास्त पटतं: घर बांधताना न बांधता सोडलेली जागा.

व्हरांड्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरून जाते. इंग्रजीत हा शब्द भारतातून गेला, त्यामुळे तो मुळात इथलाच असं अनेकांना वाटतं. पण वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, १४९८ सालच्या कालिकतच्या वर्णनात, 'वरांदा' आहे. म्हणजे पोर्तुगीज तो शब्द घेऊनच उतरले होते.

चौसोपी वाड्यात दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. मधला चौक म्हणजे पातिओ, भोवतीचा सोपा म्हणजे व्हरांडा, आणि पागोळ्या पडतात ती दोघांमधली हद्द. म्हणून पातिओला मराठीत मी 'अंगण' म्हणत नाही. अंगण घरापुढे असतं. पातिओ म्हणजे चौक.