गल्ल्यामागचा देव्हारा, गल्ल्यापुढचं गिऱ्हाईक

दीवचा निमा पारख हा बनिया व्यापारी १६७७ मध्ये मुंबईत पेढी थाटायला तयार झाला, पण अटी घालून. कंपनी सरकारला सुरतेचा व्यापार बेटाकडे ओढायचा होता आणि बेट तर रोगट हवेचं. व्यापाऱ्याला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत त्या अटी लेखी मान्य झाल्या. पारख आणि त्याच्या जातीचे लोक आपल्या घरांत आपला धर्म पाळतील, आपल्या मृतांचं दहन करतील, कुणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती होणार नाही, आणि त्यांच्या आवारात कुणी इंग्रज, पोर्तुगीज, इतर ख्रिस्ती किंवा मुसलमान राहणार नाही की कुठला जीव मारणार नाही.

या करारातला कळीचा शब्द आहे ‘आवार’. पारखनं सबंध बाजार शाकाहारी करून मागितला नव्हता. दुकानदाराची सदसद्विवेकबुद्धी कुठपर्यंत चालते आणि कुठे थांबते, हा मुंबईतला साडेतीनशे वर्षांचा वाद म्हणजे मुळात आवाराची हद्द ठरवण्याचा वाद आहे.

हद्द ओलांडली की काय होतं, ते १८३२ च्या जून महिन्यात दिसलं. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारेकऱ्यांना नगावर पैसे मिळत, त्यामुळे ते घरांच्या दारापर्यंत पोचले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान. आधी दंगल झाली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापाऱ्यांनीही फळ्या लावल्या आणि गोऱ्या फौजेचा शिधा अडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि जैन शेटजींच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ, म्हणजे मोकाट जनावरांचं आश्रयस्थान, उभी राहिली. ती आजही तिथेच आहे. व्यापाऱ्यांनी धर्मभावनेसाठी दुकान बंद ठेवलं आणि मग स्वतःच्या पैशानं तोडगा काढला. आपलं दुकान बंद ठेवणं वेगळं, दुसऱ्याचं बंद पाडणं वेगळं. हा फरक पुढे फार कामाला येतो.

दुसरी बाजू मात्र दाराबाहेर उभी होती. दुकानदाराचा धर्म म्हणजे विटाळही, असं मानणाऱ्या समाजात गल्ल्यापुढे येण्याचीच ज्यांना बंदी होती, त्यांचा हक्क कुठल्याच करारात नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाच्या पायावर उभा राहिला. पण ठरावाची पोच सरकारी पैशापर्यंतच होती. खाजगी खानावळ, न्हाव्याचं दुकान, चहाचं हॉटेल त्याच्या बाहेर राहिलं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा अडचण उलट्या बाजूनं आली. दुकान उघडं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले, तेव्हा ती कोंडी फुटली.

राज्यघटनेनं या दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहिल्या. अनुच्छेद २५ सर्व व्यक्तींना सदसद्विवेकाचं आणि धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. शिवाय धर्माचरणाशी निगडित आर्थिक व्यवहारांचं नियमन करण्याची मुभा राज्याला ठेवतं. अनुच्छेद १९(१)(छ) नागरिकाला धंद्याचा हक्क देतं. आणि १५(२) सांगतं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं बंद करता येणार नाहीत. मूलभूत हक्कांतली बहुतेक कलमं सरकारला उद्देशून आहेत. हे कलम थेट दुकानदाराला बांधतं.

‘दुकान’ म्हणजे काय, हा प्रश्न संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला निघाला. लॉन्ड्री, केशकर्तनालय त्यात येतं का, असं सदस्य विचारत होते. डॉ. आंबेडकरांनी दिलेला अर्थ असा: जो कुणी येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक तयार आहे, ती जागा म्हणजे दुकान. आणि हक्क नुसता आत शिरण्याचा नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा आहे. माझ्या मते या विषयावर यापेक्षा नेमकं वाक्य आजवर कुणी बोललेलं नाही. याच चर्चेचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये विनाअनुदानित खाजगी शिक्षणसंस्थाही १५(२) च्या ‘दुकाना’त बसवल्या.

शिक्षेची तरतूद १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यानं आली. १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याची भाषा वाचताना जुनं हॉटेल डोळ्यासमोर येतं. कलम ४ मध्ये नुसता प्रवेश नाही, तर उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्कही लिहिलेला आहे. कारण चहा नाकारत नसत, वेगळ्या कपात देत. तो कप बाहेरच्या खिळ्यावर किंवा कोनाड्यात असे, पिणाऱ्यानं स्वतः विसळून परत ठेवायचा. कलम ६ त्यापुढे जातं: माल किंवा सेवा त्याच वेळी, त्याच जागी, इतर गिऱ्हाइकांना असतात त्याच अटींवर द्यायला हवी. मागच्या दारानं दिली तरी गुन्हाच. शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे. कलम ६ खाली दोष सिद्ध झाला तर धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा अधिकार कलम ८ कोर्टाला देतं. पाचशे रुपयांपेक्षा धाक असेल तो या परवान्याचा.

इथे एक भोक राहिलं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. हा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं आर्थिक बहिष्कार त्यात आला. पण एखाद्या दुकानदारानं केवळ धर्म पाहून मुसलमान, ख्रिस्ती किंवा हिंदू गिऱ्हाइकाला परत पाठवलं, तर १५(२) चा भंग होतो आणि त्यासाठी तयार दंडकलम मात्र सापडत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार अडकते ती इथेच. ‘प्रवेशाचे हक्क राखून’ ही पाटी याच अंधारात टिकून आहे. दारू पिऊन आलेल्या किंवा गोंधळ घालणाऱ्या माणसाला थांबवायला ती चालते. नाव विचारून थांबवायला चालत नाही.

मग मालकाच्या श्रद्धेला जागा किती? जागा भरपूर आहे, कारण काय विकायचं हे मालक ठरवतो. गिरगावातल्या खानावळीनं कांदा-लसूण ठेवू नये, मोहम्मद अली रोडवरच्या हॉटेलानं फक्त हलाल मटण ठेवावं, कुणी दारू ठेवू नये, कुणी अंडंही नको म्हणावं. यातलं काहीच १५(२) च्या आड येत नाही, कारण जे नाही ते सगळ्यांनाच नाही. कचाट्यात सापडतो तो ‘हा पदार्थ आहे, पण तुम्हाला नाही’ म्हणणारा.

सुट्टीचा वारही असाच सुटला. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानं प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला लावलं, पण वार मालकावर सोडला. वर्षाच्या सुरुवातीला बंदच्या दिवसांची यादी करायची, इन्स्पेक्टरला कळवायची, दुकानात नोटीस लावायची. म्हणून एकाच रस्त्यावर ‘शुक्रवार बंद’ आणि ‘रविवार बंद’ अशा पाट्या नांदल्या. याचं मोल अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. पेनसिल्व्हेनियात रविवारी दुकान बंद ठेवण्याचा कायदा होता. फिलाडेल्फियाच्या सनातनी ज्यू दुकानदारांना शब्बाथमुळे शनिवारही बंद ठेवावा लागे, म्हणजे धंदा पाचच दिवस. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मुंबईत तो खटला उभाच राहिला नाही.

डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या दुकान कायद्यात दुकान बाराही महिने उघडं ठेवता येतं, साप्ताहिक सुट्टी कामगाराला मिळते. ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. चुकतं ते इथे. मालक आपल्या घरच्या सणांची यादी भिंतीवर चिकटवतो आणि त्यालाच संमती समजतो. डिसेंबरात कामगारांच्या सह्यांनिशी कागद केला, तर ईद की नाताळ की संवत्सरी हा वाद ऐनवेळी निघत नाही.

व्यवसायाचा परवाना जितका विशेष, तितकी श्रद्धेची सवलत आकसते. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत साफ लिहिलं आहे की वैद्यकीय कारण असताना नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात यांत मदत करायला केवळ धार्मिक कारणावरून नकार देता येणार नाही. आपल्याला ते काम येत नाही, असं डॉक्टरला वाटलं तर गोष्ट वेगळी.

मुंबईत खरी ठिणगी पडते ती मटणाच्या दुकानावर. १९५८ च्या मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात खाटीक दोन मुद्दे घेऊन आले होते: बकरी ईदची गाईची कुर्बानी हा धर्म, आणि कत्तल हा धंदा. धर्माचा मुद्दा फेटाळला गेला, कारण बकऱ्याचा पर्याय शास्त्रातच होता. धंद्याचा मुद्दा निम्मा टिकला. गाय आणि वासरांवरची बंदी कायम राहिली, निरुपयोगी झालेल्या बैल-म्हशींवरची सरसकट बंदी गेली. बैलांबाबतचं मत न्यायालयानं २००५ मध्ये बदललं आणि २०१५ मध्ये महाराष्ट्रातही बैलांची कत्तल बंद झाली. मात्र मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी ठेवली, तरी परराज्यात कायदेशीर कापलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

पर्युषणाचा, म्हणजे जैनांच्या उपवासाच्या पर्वाचा, वाद याहून नाजूक, कारण तिथे एका समाजाची श्रद्धा दुसऱ्याच्या शटरपर्यंत पोचते. अहमदाबादेत नऊ दिवस कत्तलखाना बंद ठेवणं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये वाजवी मानलं. वर्षातले थोडे दिवस, म्हणून. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं बंदीचे चार दिवस जाहीर केले, वाद झाल्यावर दोन मागे घेतले, आणि उच्च न्यायालयानं १७ सप्टेंबरच्या मांसविक्री बंदीला स्थगिती दिली. देवनारचा कत्तलखाना बंद ठेवणं वेगळं आणि दुकानातली विक्री बंद पाडणं वेगळं, हा भेद तिथे ठरला. २०२५ मध्ये जैन संस्थांनी जास्त दिवस मागितले, तेव्हाही न्यायालयानं पालिकेचे दोन दिवस वाढवून दिले नाहीत. मला हा भेद रास्त वाटतो. अहिंसेची श्रद्धा खरी आहे, आणि परळच्या मटणवाल्याची त्या दिवसाची कमाईही तितकीच खरी आहे.

समाजाच्या बाजूनं धंदा मारण्याचं जुनं हत्यार म्हणजे वाळीत टाकणं. उधारी थांबते, माल मिळत नाही, लग्नकार्यातलं गिऱ्हाईक तुटतं. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर तो १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरला, कारण शिस्तीसाठी बाहेर काढणं हा पंथाचा धार्मिक कारभार मानला गेला. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.

हल्ली अमेरिकेतले निकाल इथे दाखले म्हणून फिरतात. २०१४ मध्ये हॉबी लॉबी कंपनीला मालकांच्या श्रद्धेमुळे कामगारांच्या विम्यात काही गर्भनिरोधकं न देण्याची सूट मिळाली, २०१८ मध्ये समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारणारा कोलोरॅडोचा केकवाला जिंकला, तोही राज्याच्या नागरी हक्क आयोगानं त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली म्हणून, आणि २०२३ मध्ये समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायला नकार देणाऱ्या डिझायनरला अभिव्यक्तीच्या मुद्द्यावर संरक्षण मिळालं. ते जसंच्या तसं इथे लावता येत नाही. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात आपलं न्यायालय म्हणालं की संस्था स्वतः धर्म आचरू शकत नाही, व्यक्तीच आचरते. १९६३ मध्ये ठरलं की कंपनी नागरिक नाही, म्हणून १९ व्या अनुच्छेदाचा हक्कही तिला थेट मागता येत नाही. एकट्या मालकीचं दुकान ‘प्रायव्हेट लिमिटेड’ करताना हा बदल चार्टर्ड अकाउंटंट सहसा सांगत नाही.

राहता राहिली पाटी. महाराष्ट्रात २०२२ पासून लहानमोठ्या सगळ्या दुकानांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि आधी हवं. दारू विकणाऱ्यांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं लावता येत नाहीत. मालकाचं नाव पाटीवर लावायला लावता येतं का, हा प्रश्न उत्तर प्रदेशातल्या कावड यात्रेच्या हुकुमांवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ जुलै २०२४ च्या अंतरिम आदेशानं अन्न कोणतं आहे एवढंच सांगायला लावलं, मालकाचं आणि नोकरांचं नाव नाही. पुढच्या वर्षी न्यायालयानं एवढं स्पष्ट केलं की कायद्यानं लावायचा परवाना आणि नोंदणी दाखला मात्र दर्शनी भागात लावावा लागेल. तो दाखला गल्ल्यामागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या, काबाच्या किंवा येशूच्या तसबिरीशेजारी फ्रेममध्ये असतो आणि नाव त्यावर लिहिलेलं असतं.