लंडनच्या जुन्या सिमेट्रीत पणजोबा शोधताय? बरियल रजिस्टर आणि ग्रेव्ह रजिस्टर एकच नाहीत

ज्यांच्या घरात कोणीतरी तिकडचं आहे, म्हणजे सून म्हणा, जावई म्हणा, नाहीतर आजीच्या बाजूला एखादा रेल्वेतला गोरा साहेब, त्यांच्यात हल्ली हा नाद जोरात दिसतो, व्हिक्टोरियन काळातल्या पूर्वजाची कबर शोधायची. ऑनलाइन नाव टाकलं की एक नोंद निघते, तारीख असते, वय असतं, पुढे एक नंबर असतो, आणि माणूस खुश, की चला सापडले एकदाचे. मग सुट्टीत लंडनला गेल्यावर हायगेट सिमेट्रीच्या झाडीत अर्धा दिवस फिरायचं आणि पायाला काटे टोचून घेऊन परत यायचं. कारण सापडली होती ती दफनाची नोंद. कबर अजून सापडायचीच असते.

हे असं का होतं ते कळायला या सिमेट्र्या काय होत्या ते बघावं लागतं. १८३० च्या सुमारास लंडनमधली चर्चची आवारं इतकी भरली होती की नवीन माणूस पुरायला जुना उकरावा लागायचा, तेव्हा शहराच्या कडेला खाजगी कंपन्यांनी मोठमोठ्या बागांसारख्या सिमेट्र्या काढल्या. पहिली केन्सल ग्रीन १८३३ ला, मग वेस्ट नॉरवुड, हायगेट, ॲबनी पार्क, नन्हेड, ब्रॉम्प्टन आणि शेवटची टॉवर हॅम्लेट्स १८४१ ला. या सातांवर भागेना म्हणून १८५४ मध्ये सरे परगण्यात ब्रुकवुड उघडली, तिथे वॉटर्लूहून खास मयतांची रेल्वे जायची आणि शवपेटीचं तिकीट अर्थातच वन वे. तर मुद्दा असा की हा सगळा धंदा होता, शेअरहोल्डर होते, आणि धंदा म्हटलं की वह्या आल्या. कोणाला कधी पुरलं याची एक वही, आणि कुठली जागा कोणी विकत घेतली व तिच्यात कोण कोण गेलं याची दुसरी.

आपल्याकडे फेरफार आणि सातबारा असतो ना, अगदी तसं. फेरफाराची नोंद तारखेवारी होत जाते, एकामागून एक, कोणाचं काय झालं. सातबारा त्या जमिनीचा असतो, मालक कोण, त्यात कोणाकोणाचं नाव. बरियल रजिस्टर म्हणजे फेरफार आणि ग्रेव्ह रजिस्टर म्हणजे सातबारा, आणि नुसता फेरफार हातात घेऊन कोणी बांधावर उभं राहत नाही.

बरियल रजिस्टरमध्ये साधारण हे मिळतं: अनुक्रमांक, नाव, शेवटचा पत्ता, वय, दफनाची तारीख, विधी करणाऱ्या पाद्र्याचं नाव आणि कबरीचा नंबर. बस. बाप कोण, बायको कोण, काही नाही. तारीखही दफनाची असते, मृत्यूची नाही, हे लोक हमखास विसरतात आणि वंशावळीत चुकीची तारीख चढते. पत्ता मात्र सोन्यासारखा, कारण तोच पत्ता १८६१ नाहीतर १८७१ च्या जनगणनेत सापडला तर हाच आपला माणूस हे पक्कं होतं, नाहीतर जॉन स्मिथ काय ढिगाने पडलेत. आणि मृत्यूच्या दाखल्यावरून काम होईल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी दाखले आहेत पण त्यावर दफन कुठे झालं ते लिहीतच नाहीत. स्कॉटलंडवाल्यांनी १८५५ ते १८६० एवढीच वर्षं लिहिलं आणि मग सोडून दिलं, का सोडलं देव जाणे, चांगली सोय होती.

ग्रेव्ह रजिस्टर उघडतं ते कबरीच्या नंबरावर. जागा कोणी घेतली, कधी घेतली, लांबी-रुंदी-खोली किती, आणि त्या एका खड्ड्यात वर्षानुवर्षं कोण कोण गेलं. खरी मजा इथे आहे, कारण एका खाजगी कबरीत सात-आठ माणसं असू शकतात आणि सगळ्यांची आडनावं एक असतीलच असं नाही. लग्न झालेली मुलगी, मेव्हणा, लहानपणी गेलेला नातू, घरातली जुनी मोलकरीण, हे सगळे नावाने शोधलं तर वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले, आणि नंबराने शोधलं तर एका ओळीखाली.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कार्ल मार्क्स. बायको जेनी डिसेंबर १८८१ मध्ये गेली, तिला हायगेटला पुरलं. १७ मार्च १८८३ ला मार्क्सला त्याच कबरीत ठेवलं, लगेच काही दिवसांत चार वर्षांचा नातू हॅरी लाँगे गेला तोही तिथेच, आणि १८९० मध्ये घर सांभाळणारी हेलेन डेमुथ. एक कबर आणि तीन आडनावं. नुसतं मार्क्स आडनाव धरून बसलात तर हेलेन आयुष्यात सापडणार नाही. आणि पुढचा घोळ बघा, १९५४ मध्ये सगळ्यांना तिथून काढून मुख्य रस्त्यालगत नेलं आणि १९५६ ला त्यावर तो भलामोठा ब्राँझचा चेहरा आला, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. म्हणजे १८८३ च्या दफनाच्या नोंदीचा नंबर घेऊन गेलात तर आतल्या एका पायवाटेवर तडकलेल्या फरशीपाशी पोचाल, आणि तिथे आता कोणी नाही. ब्रॉम्प्टनला पण असाच एक किस्सा, बफेलो बिलच्या अमेरिकन वाइल्ड वेस्ट शोबरोबर आलेला लाँग वुल्फ नावाचा, लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार १८९२ मध्ये लंडनात वारला आणि तिथे पुरला गेला, १९९७ मध्ये त्याला साउथ डकोटाला घरी नेलं. दफन झालं ही नोंद कायम खरी राहते. माणूस आज तिथे आहे का, हे विचारायचं तर कबरीकडून विचारावं लागतं.

आता वाईट बातमी. बहुतेकांचे पूर्वज मार्क्ससारखे खाजगी कबरीत नसतात. टॉवर हॅम्लेट्ससारख्या गरीब वस्तीजवळच्या सिमेट्रीत तर बहुसंख्य दफनं कॉमन ग्रेव्हमध्ये झाली, म्हणजे खोल खड्डा खणायचा आणि तो भरेपर्यंत एकमेकांशी काही नातं नसलेल्यांच्या पेट्या एकावर एक. ओळखायची युक्ती सोपी आहे, बरियल रजिस्टरच्या त्याच पानावर बघा, आपल्या माणसाच्या आगेमागे एक-दोन दिवसांत वेगळ्याच आडनावाच्या लोकांपुढे तोच कबर नंबर दिसला की समजायचं. मग ग्रेव्ह रजिस्टरमध्ये मालकाच्या जागी कोणाही घराण्याचं नाव नसणार, कारण जागा कंपनीचीच राहायची, आणि त्यावर दगड बसवायचा हक्कच नसायचा. दगड शोधत फिरण्यात अर्थ नाही. तेवढ्यावरून आमचे खापरपणजोबा भिकारी होते असं मात्र कोणी लगेच ठरवू नका, हा गैरसमज फार आहे. पॉपर म्हणजे ज्याचा खर्च पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक कारभाराने, केला तो. कॉमन ग्रेव्हमधल्या पुष्कळांच्या घरच्यांनी दफनाचे पैसे रोख मोजलेले असतात, फक्त जागा विकत घेण्याएवढे नव्हते. लीड्सच्या बेकेट स्ट्रीट सिमेट्रीत तर यावर मधला मार्ग काढलेला, एक गिनी भरली की सामाईक दगडावर आपल्या माणसाचं नाव कोरून मिळायचं, दगडाच्या दोन्ही बाजूंना अनोळखी लोकांची यादी. उलट ब्रुकवुडला एकगठ्ठा पुरायला परवानगीच नव्हती, पॅरिशच्या खर्चाने आलेल्यालाही स्वतःचा खड्डा मिळायचा, पण त्यावर कायमचा दगड नाही.

नंबरांबद्दल थोडं, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. हायगेटसारख्या ठिकाणी कबरीचा नंबर विक्रीच्या क्रमाने पडलेला आहे, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन कबरींच्या नंबरांत हजारोंचा फरक असू शकतो, नंबर मोजत चालत जाण्याचा काही उपयोग नाही. केन्सल ग्रीनला तीन तुकडे असतात, आधी नंबर, मग नकाशावरचा चौकोन, आणि शेवटी रांग, तिथे आकडा असतो नाहीतर आरएस किंवा पीएस, म्हणजे रस्त्याच्या कडेला की पायवाटेच्या कडेला. तो शेवटचा तुकडा बिनकामाचा म्हणून सोडून देऊ नका. शिवाय बऱ्याच सिमेट्र्यांत चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांची पवित्र केलेली जमीन वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी, वह्याही वेगळ्या. घराणं मेथडिस्ट नाहीतर बाप्टिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचं असेल आणि तुम्ही पवित्रवाल्या वहीत शोधत असाल तर काहीच निघणार नाही.

वह्या मिळतात कुठे तर ते सिमेट्रीवर आहे. ब्रॉम्प्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, ब्रुकवुडच्या वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये, टॉवर हॅम्लेट्सच्या लंडन आर्काइव्ह्जमध्ये. डिसीज्ड ऑनलाइन या दफनाच्या नोंदींच्या साइटवर यातलं बरंच स्कॅन करून टाकलंय, पैसे पडतात, आणि तिथे लोक पहिलं पान विकत घेऊन थांबतात. त्याच नोंदीखाली कबरीचा तपशील आणि त्या कबरीतले इतर लोक असा वेगळा भाग असतो, पैसे घालायचेच तर त्यावर घाला. फाइंड अ ग्रेव्हसारख्या साइट्स मुख्यतः दगडांच्या फोटोंवर चालतात, त्यामुळे ज्याला दगडच नाही तो तिथे बहुधा सापडत नाही, आणि तिथे नाही म्हणून कुठेच नाही असं होत नाही.

आपल्या लोकांपैकीही तिकडे काही जण आहेत. ब्रुकवुडला १८६२ पासून पारशांचा स्वतंत्र भाग आहे, जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत वारले आणि त्यांचं दफन तिथे झालं, नंतर दोन्ही मुलगेही तिथेच. मुंबईच्या एखाद्या पारशी घराला तिथला पूर्वज शोधायचा असेल तर सिमेट्रीबरोबर लंडनच्या झोरोस्ट्रियन संस्थेलाही विचारणं बरं. आणि समुद्रापलीकडे, अमेरिकेत पुकिप्सीच्या सिमेट्रीत, डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत त्या, अमेरिकेत त्यांना ज्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं त्या कारपेंटर मावशींच्या घरच्या जागेत. आनंदीबाई १८८७ ला पुण्यात गेल्या, अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या माणसांत ठेवल्या. जोशी आडनावाची जागा विचाराल तर तिथे नाही, जागा ज्यांची त्यांच्या नावावरून जावं लागतं.

मालकाचं नाव आत्ता का महत्त्वाचं तर लंडनमध्ये जागा संपत आलीये. २०२२ च्या हायगेटच्या कायद्याने ७५ वर्षं न वापरलेल्या कबरींचे हक्क सिमेट्रीला परत घेता येतात, त्याआधी नोटीस द्यावी लागते आणि घरच्यांना हरकत घेता येते. ती हरकत घ्यायची तर मूळ खरेदीदार कोण आणि त्याच्याशी आपलं नातं काय हे दाखवता आलं तर काम सोपं होतं, आणि खरेदीदाराचं नाव बरियल रजिस्टरमध्ये बहुतेक नसतंच.

म्हणून सिमेट्रीच्या ऑफिसला मेल टाकताना "माझे पणजोबा कुठे आहेत" असं लिहू नका, त्यावर परत तीच एक ओळ येईल. दफनाची तारीख आणि नंबर तुम्ही आधी काढून द्या आणि विचारा की ही कबर खाजगी का कॉमन, कोणी घेतली होती, आत एकूण कोण कोण आहेत, दगड असल्याची नोंद आहे का, जवळची मोठी खूण कुठली आणि तिथपर्यंत चालत जाता येतं का. शेवटचा प्रश्न विसरू नका, झाडी वाढल्यामुळे किंवा जमीन खचल्यामुळे काही भाग बंद असतात आणि तिथे स्टाफशिवाय सोडत नाहीत. फी विचारून घ्या, दिवस ठरवून जा, जमल्यास हिवाळ्यात, पानं गळलेली असली की दगड दिसतात.