चुन्यात शिजलेला मका आणि मेन्यूत दडलेली चरबी

मेक्सिकन हॉटेलात शिरलेला पथ्यवाला माणूस बहुतेक वेळा सॅलडवर बोट ठेवतो. टाको म्हणजे तळकट, बीन्स म्हणजे निरुपद्रवी आणि सॅलड म्हणजे हमखास हलकं, असा साधारण हिशेब असतो. हे तिन्ही अंदाज चुकू शकतात. अमेरिकेत ‘टाको सॅलड’ म्हणून जे मिळतं ते बरेचदा मैद्याच्या तळलेल्या वाटीत, चीज आणि सावर क्रीमचा थर लेवून येतं. त्यापेक्षा बिनतेलाच्या तव्यावर भाजलेल्या मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या, त्यावर भाजी किंवा मासा, कांदा-कोथिंबीर आणि लिंबू, असा मेक्सिकोतला रस्त्यावरचा टाको कितीतरी साधा. आणि शाकाहारी मंडळी ज्यांच्या भरवशावर जेवायला बसतात ते बीन्स खुशाल डुकराच्या चरबीत परतलेले असतात.

या घोळाची मुळं इतिहासात आहेत. 1519 साली एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि 1521 मध्ये अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. त्याआधी तिथे गाय नव्हती, डुक्कर नव्हतं, गहू नव्हता, ऊसही नव्हता. म्हणजे चीज, चरबी, मैदा, साखर, सगळंच गैरहजर. जेवण उभं होतं ते एकाच शेतात एकमेकांच्या आधाराने वाढणाऱ्या मका, घेवडा (वरचे बीन्स ते हेच) आणि भोपळ्यावर. या शेताला मिल्पा म्हणतात. जोडीला मिरची, टोमॅटो, अॅव्होकॅडो, निवडुंग, टर्की, मासे. मेन्यू हातात आला की मी एवढंच पाहते, की यातलं 1521 च्या आधीचं काय आणि नंतरचं काय. बहुतेक पथ्यं नंतरच्या गोष्टींपाशीच अडखळतात.

आधीच्या गोष्टींमध्ये सगळ्यात अक्कलहुशारीची गोष्ट आहे मका शिजवण्याची पद्धत. वाळलेले दाणे पाण्यात घालून त्यात दाण्यांच्या वजनाच्या साधारण एक टक्का चुना टाकतात. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, विड्याच्या पानाला लावतो तोच. दाणे अर्धवट शिजले की भांडं उतरवून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी दाणा दोन बोटांत चोळला की वरचं साल बुळबुळीत होऊन निसटतं. पिवळट झालेलं पाणी ओतून, दाणे धुऊन दळतात. पूर्वी हे काम पाट्यावरच्या दगडाने व्हायचं, आता गिरणी आहे. या शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर या पद्धतीच्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत.

चुन्याच्या पाण्यात सालातलं हेमिसेल्युलोज विरघळतं, कॅल्शियम पेशींच्या भिंतींमधल्या पेक्टिनला धरतं, स्टार्च काहीसा फुलतो. म्हणून या पिठाच्या गोळ्याला अंगचाच चिकटपणा येतो. आपल्या कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरतात. निश्तमालाची टॉर्टिया मात्र पातळ दाबली तरी अखंड राहते आणि तापलेल्या कोमालवर, म्हणजे तिथल्या तव्यावर, उलटली की टम्म फुगते. तेही ग्लुटेनशिवाय, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाशिवाय. मीठही त्यात परंपरेने घालत नाहीत, त्यामुळे रक्तदाबवाल्यांना ही टॉर्टिया मैद्याच्या टॉर्टियापेक्षा फार सोयीची.

पण चुन्याचं मोठं काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व असतं, पण ते इतर रेणूंशी असं जखडलेलं असतं की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. चुना ती गाठ सोडवतो. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुन्याची रीत मात्र मेक्सिकोतच ठेवली. पुढे जिथे जिथे गरिबांचं पोट केवळ मक्यावर भरू लागलं तिथे पेलाग्रा आला: अंगावर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे, जुलाब, मग बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने तो नोंदवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने धुमाकूळ घातला. हा संसर्ग आहे, असं बऱ्याच डॉक्टरांचं ठाम मत होतं. 1915 मध्ये अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना मका आणि तत्सम एकसुरी आहार देऊन काही महिन्यांत पेलाग्रा घडवून दाखवला. प्रयोग आजच्या नीतिनियमांत मुळीच बसणार नाही, पण दोष जेवणाचा आहे हे त्याने सिद्ध झालं. नेमकं काय कमी पडतं, ते 1937 मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं: निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन.

आपल्याकडेही या रोगाचा एक धागा आहे. दख्खनात ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादच्या संशोधकांनी, सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, 1960 मध्ये त्याचं कारण ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडलं होतं. त्यावर पुढे बराच वाद झाला. मेक्सिकोत मात्र मका खाऊनही पेलाग्राने तसं थैमान घातलं नाही. चुन्याच्या जोडीला घेवडा होता हेही त्याचं कारण. मक्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं कमी, घेवड्यात लायसीन भरपूर पण मेथिओनीन कमी. दोन्ही एका ताटात आले की प्रथिनांचा हिशेब जुळतो. मांस न खाणाऱ्याने मेक्सिकन जेवणात प्रथिनं कुठून आणायची, हा प्रश्न त्यामुळे मला जरा फुकाचा वाटतो.

खरा प्रश्न चरबीचा आहे. डुकराची चरबी, स्पॅनिशमध्ये मान्तेका, जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात सगळीकडे असते. घोटलेले बीन्स तिच्यात परततात. उत्तरेकडच्या सोनोरा भागातल्या गव्हाच्या टॉर्टियांना तिचं मोहन असतं. तमालेचं, म्हणजे पानात गुंडाळून वाफवायच्या पदार्थाचं, पीठ तर चरबी घालून इतकं फेटतात की गोळीएवढा तुकडा पाण्यात टाकल्यावर तरंगला पाहिजे; बुडाला तर आणखी फेटायचं. आरोग्याचाच हिशेब मांडला तर ही चरबी फार बदनाम आहे. तिच्यात संपृक्त स्निग्धाम्लं साधारण 40 टक्के, आपल्या साजूक तुपात 60 टक्क्यांच्या आसपास. पण शाकाहारी माणसाला या टक्केवारीशी काय देणंघेणं? त्याला ती नकोच आहे. म्हणून नुसतं ‘व्हेजिटेरियन आहे’ म्हणून थांबू नये. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको, असं नाव घेऊन सांगावं, कारण लाल भात अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजतो. ‘कार्ने नको’ म्हटलं तर ताटात कोंबडी येऊ शकते. रोजच्या बोलण्यात कार्ने म्हणजे मुख्यतः गाय-डुकराचं मांस. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं, तेही कडक शाकाहाऱ्यांनी विचारलेलं बरं.

शाकाहाऱ्यांसाठी चांगल्या गोष्टीही पुष्कळ आहेत: भोपळ्याची फुलं, मशरूम, निवडुंगाची पानं. आणि उइत्लाकोचे. मक्याच्या कणसावर काणी पडली की आपला शेतकरी कणीस उपटून टाकतो. तिथे तीच राखाडी, फुगलेली बुरशी मोठ्या आवडीने कांदा-मिरचीवर परतून टॉर्टियात भरतात. तिच्यात लायसीन भरपूर असतं, म्हणजे मक्याची उणीव मक्याचाच रोग भरून काढतो.

सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार, असणाऱ्यांना मक्याची टॉर्टिया हा मोठाच दिलासा, पण तिथे फसगतही होते. कोमाल एकच असतो आणि त्यावर गव्हाच्या टॉर्टियाही भाजल्या जातात. तळणीच्या कढईचंही तेच. मोलेची ग्रेव्ही घट्ट करायला ब्रेड किंवा टॉर्टिया वाटून घालतात. शिवाय मोले पोब्लानोत बदाम, शेंगदाणे, तीळ यांतलं बरंच काही असतं, तेव्हा अॅलर्जीवाल्यांनी तर मोले विचारल्याशिवाय खाऊच नये. मांस मुरवताना सोया सॉससारखे रस वापरतात, त्यांत अनेकदा गहू असतो. पुण्या-मुंबईत ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणाऱ्या टॉर्टिया बहुधा मैद्याच्याच. नाचोज दिसले म्हणून सगळं मक्याचं समजू नये. नाचोज तसेही 1940 च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात, अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी इग्नासिओ अनाया यांनी ऐनवेळी जमवलेला पदार्थ.

मधुमेह असेल तर आकारावर लक्ष ठेवायचं. मक्याची छोटी टॉर्टिया साधारण 25 ग्रॅमची, तिच्यात 55 च्या आसपास कॅलरी. बरिटोच्या मोठ्या मैद्याच्या टॉर्टियात आत काही भरायच्या आधीच 300. घेवड्यातला स्टार्च सावकाश पचतो, निवडुंगाच्या पानांतला बुळबुळीत तंतू साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो, असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. ग्वाकामोलेला, म्हणजे अॅव्होकॅडोच्या चटणीला, मात्र ‘फॅट’ म्हणून घाबरू नये. 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात टोमॅटोच्या साल्सासोबत अॅव्होकॅडो खाल्ल्यावर लायकोपीन चौपटीहून अधिक शोषलं गेलं, कारण हे रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी. अॅव्होकॅडो, घेवडा, टोमॅटो तिघांतही पोटॅशियम भरपूर, तेव्हा जेवायला जायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं. गर्भवतींनी न तापवलेल्या दुधाचं ताजं मऊ चीज, केसो फ्रेस्को, टाळावं. 1985 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात अशाच चीजमधून लिस्टेरिया या जीवाणूची साथ पसरली आणि तिच्यात कित्येक अर्भकं दगावली.

पेयांत साखर भरपूर. लाल अंबाडीच्या बोंडांचं ‘आग्वा दे हामाइका’ आंबट आणि तजेलदार असतं, पण साखर घातल्याशिवाय ते विकत नाहीत. कमी घाला म्हणून सांगता येतं, जर जागच्या जागी बनवत असतील तर. गोड हवंच असेल तर आलेग्रिया मागवावी. लाह्या फुटलेला राजगिरा मध किंवा गुळासारख्या पिलोन्सियोत बांधलेला, म्हणजे उपासाला खातो ती आपली चिक्कीच, आणि राजगिऱ्याच्या लागवडीची सुरुवातही त्याच मुलखातली. ग्लुटेन नाही, दूध नाही. वर बहुधा शेंगदाणे लावलेले असतात.