देणगीचं पान: महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांची पार्श्वभूमी

उन्हाळा सरला की गावोगावच्या वाचनालयांतून सभासदांच्या घरी एक पातळ पुस्तिका येते. आत नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, कार्यवाहांचा अहवाल, ताळेबंद, अंदाजपत्रक आणि शेवटी देणगीदारांची यादी. बहुतेक जण त्या यादीत आपलं नाव बरोबर छापलंय का एवढं बघतात आणि पुस्तिका रद्दीत जाते. मी मात्र बरीच वर्षं हे अहवाल जपून ठेवत आलो आहे, आमच्या वाचनालयाचे आणि जिथून मिळतील तिथले. त्या शेवटच्या पानात महाराष्ट्राच्या ग्रंथालयांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आपलं वाचनालय चालवायला लोकांनी किती द्यायचं आणि सरकारने किती, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीत बदलत गेलं. आज अहवालात दिसणाऱ्या सेवा, उद्दिष्टं आणि देणग्या यांचा अर्थ त्या बदलांमधूनच लागतो.

सुरुवात कोकणातून होते. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं. पाठोपाठ १८३८ मध्ये अहमदनगर, १८४० मध्ये नाशिक, १८४८ मध्ये पुणे, १८५० मध्ये कोल्हापूर. यातल्या बऱ्याच संस्थांचं मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. पेशवाई जाऊन थोडीच वर्षं झालेली, छापील मराठी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे कपाटांत भरणा इंग्रजी ग्रंथांचा आणि टेबलावर वर्तमानपत्रं. इंग्रज अधिकारी, सरकारी नोकर, वकील, शिक्षक, संस्थानिक अशा मंडळींनी वर्गणी काढून या संस्था उभ्या केल्या. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख पुढे होते. सरकारचा आशीर्वाद होता, पण खर्चाचा भार जवळजवळ पूर्ण वर्गणीदारांवर. साहजिकच ज्याला वर्गणी परवडे आणि ज्याला दारातून आत येऊ दिलं जाई, त्याच्यापुरतंच ते ‘सार्वजनिक’ होतं. स्त्रिया, शेतकरी, कारागीर, अस्पृश्य ठरवलेले समाज यांच्यापर्यंत ती कपाटं पोचायला फार वेळ लागला. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढण्याचाही उल्लेख होता. गावात वाचनालय असणं आणि ते आपल्यासाठी उघडं असणं यातलं अंतर ज्यांना रोज सोसावं लागत होतं, त्यांनीच ते कलम लिहिलं. आज राज्य सरकारचा उत्कृष्ट ग्रंथालयाचा पुरस्कार बाबासाहेबांच्या नावाने दिला जातो. तो स्वीकारायला जाणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे कलम एकदा आठवावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा टप्पा ठाण्याचा. १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. त्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा ऐन बाविशीतले होते. तोवर मराठी पुस्तकांची संख्या बरीच वाढली होती, पण ती जपायची कुठे हा प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत मराठीला जागा नव्हती. अशा वेळी जे जे मराठीत छापलं गेलं ते ते एका ठिकाणी गोळा करायचं, असा संकल्प या मंडळींनी सोडला. ‘वाचनालय’ आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ हे शब्द आपण आज सरमिसळ वापरतो, पण त्या काळी त्यांत फरक होता. वाचनालय वाचणाऱ्याची सोय बघे, ग्रंथसंग्रहालय भाषेचा ठेवा सांभाळे. १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, १९११ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथालय आलं. अहवालाच्या पहिल्या पानावर जी उद्दिष्टं छापलेली असतात, ‘मराठी भाषा व साहित्य यांचे संवर्धन’ या वळणाची, ती या पिढीची देणगी आहे.

देणगीचं रूपही याच काळात बदललं. पैशांबरोबर लोक पुस्तकं देऊ लागले, घरातलं पोथ्यांचं बाड देऊ लागले, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने कपाट देऊ लागले. कोणत्याही जुन्या वाचनालयात जा, सागवानी कपाटाच्या वरच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं दिसेल: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पुस्तकाच्या आतल्या पानावर तसाच रबरी शिक्का. आमच्या वाचनालयातलं सर्वांत जुनं दाखल रजिस्टर मी एकदा दुपारभर चाळत बसलो होतो. जाड कागद, टाकाने लिहिलेलं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रकाने तेच, आजही आहेत ते: दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथाचं नाव, कर्ता, किंमत आणि शेवटी ‘कोणाकडून’. या शेवटच्या रकान्यात खरेदीच्या नोंदी थोड्या, ‘भेट’ या शब्दाखाली ओढलेल्या दोन-दोन आडव्या रेघाच जास्त. पानामागून पान, वरच्यासारखंच, वरच्यासारखंच.

याच सुमाराला बडोद्यात एक अगदी वेगळा प्रयोग चालू होता. सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतली मोफत ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं, लाकडी पेट्यांतून फिरणारी ग्रंथालयं आणि ग्रंथपालांचं प्रशिक्षण अशी घडी त्यांनी बसवली, पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ती सांभाळली. वाचकाला वर्गणी नाही हे त्यातलं मोठं पाऊल. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो पैशाचा हिशेब. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच प्रांताची पंचायत घाले आणि तेवढीच दरबार. म्हणजे लोकांचा वाटा एक तृतीयांश. दरबाराला सगळा खर्च उचलणं अशक्य नव्हतं, तरी गावाने आधी पदराला खार लावावा ही अट ठेवली, कारण ज्या वाचनालयात गावाचे चार पैसे गुंतलेत त्याच्यावर गावाचं लक्ष राहतं.

ब्रिटिश मुलखात असं काही व्हायला १९३९ साल उजाडलं. मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. वर मध्यवर्ती ग्रंथालय, मग विभागीय, मग जिल्हा, तालुका, मोठी गावं आणि खेडी, अशी सहा पायऱ्यांची योजना त्यात होती. युद्ध आणि राजकारण यांत ती कागदावरच राहिली. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ मध्ये ती हाती घेतली. सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नवी ग्रंथालयं बांधत बसण्यापेक्षा तिथल्या जुन्या वाचनालयांनाच जिल्हा ग्रंथालय म्हणून मान्यता देऊन अनुदान सुरू केलं. ‘जिल्हा नगर वाचनालय’ हे दुहेरी नाव ऐकून अनेकांना ते सरकारी खातं वाटतं, पण संस्था लोकांची आणि दर्जा सरकारचा, अशी ती जोडणी आहे.

इथे कोल्हापूरचं नाव घ्यायलाच हवं. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांसाठी कायदा केला, देशातला असा पहिलाच. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून आलेला मद्रासचा कायदा १९४८ चा, म्हणजे तीन वर्षांनंतरचा. मद्रासने घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा थोडा जास्तीचा कर, लावला. मराठवाड्याच्या वाट्याला हैदराबाद राज्याचा १९५५ चा कायदा आला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर या सगळ्यांच्या जागी एकच कायदा हवा होता. तो १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम.

या कायद्याने ग्रंथालय संचालनालय आलं, राज्य ग्रंथालय परिषद आली, ग्रंथालय निधी आला. त्या निधीत सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असं कलम होतं. उपकर मात्र घेतला गेला नाही. हा निर्णय चुकीचा होता असं माझं मत आहे. उपकर असता तर ग्रंथालयांचा पैसा हक्काचा झाला असता. तो नसल्यामुळे ग्रंथालयाला दरवर्षी अनुदानाची वाट बघावी लागते. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, रोज किती तास उघडं, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान ठरतं. आपल्या अहवालातला ‘सेवा’ हा भाग असा आकड्यांनी गच्च भरलेला का असतो, याचं उत्तर या नियमांत आहे. देवघेव किती झाली, बालविभागात किती मुलं आली, मुक्तद्वार, म्हणजे सगळ्यांना खुल्या, वाचनकक्षात किती वाचक बसले, हे सगळं तपासणीला दाखवावं लागतं. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे हिशेब वेगळे, कारण संस्था १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंदलेली असते.

आणि लोकांचा वाटा? मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान, १० टक्के ग्रंथालयाने स्वतः उभे करायचे, असा आताचा हिशेब आहे. कागदावर लोकांचा वाटा असा पूर्ण रुपयावरून तिसऱ्या हिश्शावर आणि तिथून दहाव्या हिश्शावर आला. पण अनुदानाला वर्गानुसार कमाल मर्यादा आहे आणि ती वर्षानुवर्षं जागची हलत नाही. २०१२ च्या सुमारास वाढ झाली, त्यानंतर थेट २०२२ च्या नोव्हेंबरात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. मधल्या दहा वर्षांत कागद, वीज, पुस्तकं सगळं महागलं. मर्यादेवरचा सगळा खर्च संस्थेच्या अंगावर पडतो. म्हणून दहा टक्के हे नुसतं नावाला, प्रत्यक्षात कितीतरी ग्रंथालयांना त्याहून पुष्कळ अधिक जमवावं लागतं.

ते कुठून येतं हे अहवालाच्या जमेच्या बाजूला दिसतं. सभासद वर्गणी, सभागृहाचं भाडं, दिवाळी अंक योजना आणि अलीकडे अभ्यासिका. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाकडे, म्हणजे सगळ्यांच्या ‘सावाना’कडे, परशुराम सायखेडकर नाट्यगृह आहे. ज्यांच्याकडे सभागृह नाही त्यांना दिवाळी अंकांचा आधार. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने खाकी वेष्टनातले अंक पाळीपाळीने घरी न्यायचे, ही योजना मराठी वाचनालयांची खास आपली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी येतात ती रात्री कुलूप लावेपर्यंत बसतात. ती आपल्या कपाटांतलं पुस्तक क्वचितच काढतात, अशी तक्रार जुने सभासद करतात. मला ती पटत नाही. एका खोलीत चार भावंडं असलेल्या मुलीला शांत टेबल, दिवा आणि पंखा मिळणं हीसुद्धा ग्रंथालयाचीच सेवा आहे.

बाकी देणग्या. केंद्राच्या पातळीवर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तकं, इमारत, सामग्री यांसाठी मदत देतं. त्यांच्या काही योजनांतही राज्याने आपला वाटा आधी घालायचा हे बडोद्याचंच तत्त्व दिसतं. आणि लोकांच्या देणग्यांची ताकद बघायची असेल तर चिपळूण बघावं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर, तिकडच्यांच्या तोंडी ‘लोटिस्मा’, १८६४ चं. २०१३ चं साहित्य संमेलन भरवणारी हीच संस्था. २००५ च्या पुरात तिचं नुकसान झालं, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पुन्हा आत शिरून हजारो पुस्तकांचा चिखल झाला. त्यानंतर ठिकठिकाणच्या वाचकांनी पुस्तकं आणि पैसे पाठवले आणि वाचनमंदिर पुन्हा उघडलं.

पण एक गोष्ट देणगीच्या पानावर जवळजवळ कुठेच सापडत नाही. लोक इमारतीला देतात, कपाटाला देतात, पुस्तकांना देतात, व्याख्यानमालेला तर आनंदाने देतात. खिडकीपाशी बसून पुस्तक शोधून देणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी देत नाही. अनुदानातून त्याला मिळतं ते इतकं तुटपुंजं असतं की खेड्यातला ग्रंथपाल सकाळी शेतात किंवा दुकानात राबून संध्याकाळी वाचनालय उघडतो. दोनशे वर्षांत आपण दात्याचं नाव कपाटावर रंगवायला शिकलो, पण या माणसाच्या नावाने काही द्यायचं राहून गेलं. कोणत्या वाचनालयाला दाराशी भरलेले खोके ठेवून जाणारे हितचिंतक भेटले नाहीत? त्या खोक्यांतली जुनी क्रमिक पुस्तकं आणि तारखा उलटलेली मार्गदर्शकं निवडायला, धूळ झटकायला, नोंदवायला तोच माणूस लागतो.

आमच्या वाचनालयाच्या पावतीपुस्तकात देणगीचं कारण लिहायला तीन छापील चौकटी होत्या: इमारत निधी, ग्रंथ खरेदी, कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पाच हजार रुपये दिले आणि तिन्ही चौकटी मोकळ्या ठेवून खाली शाईने लिहिलं, ‘सेवकांच्या पगारासाठी’. हिशेब तपासनीसांनी विचारलं, ही रक्कम कोणत्या खाती दाखवायची? तसं खातंच नव्हतं. कार्यकारी मंडळाने ठराव करून ते उघडलं. यंदा छापून आलेल्या पावतीपुस्तकात चौथी चौकट आहे, ‘सेवक वेतन निधी’, आणि परवापर्यंत त्या चौकटीत खूण केलेल्या अकरा पावत्या फाटल्या आहेत.