नायट्रेट खताची गोणी पावसाळाभर टिकवताना

द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उरलेली कॅल्शियम नायट्रेटची अर्धी गोणी ऑक्टोबर छाटणीच्या वेळी उघडली, की आत एक तर दगडासारखा गोळा निघतो, नाहीतर तळाशी चिकट पाणी. खत वाया गेलं असं समजून ते बांधावर ओतून दिलं जातं. ही चूक आहे. त्यातला नत्र (नायट्रोजन) जागेवरच असतो. नायट्रेट हवेत उडून जात नाही आणि गोदामातल्या उन्हाळ्यानेही त्याचं विघटन होत नाही. १३:०:४५ या नावाने मिळणारं दुसरं नायट्रेट खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते ३३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्याही पुढे तापवलं तरच त्यातून ऑक्सिजन सुटू लागतो.

खरं नुकसान करतो तो दमटपणा. हवेतली आर्द्रता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की क्षार पाणी ओढू लागतो. ३० अंशांना शुद्ध कॅल्शियम नायट्रेटची ही मर्यादा सुमारे ४७ टक्के, तर १३:०:४५ची सुमारे ९० टक्के. म्हणून पावसाळ्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन उघड्या गोण्यांपैकी एक कोरडी राहते, दुसरीला पाणी सुटतं. दोन्ही एकमेकांत मिसळली तर मर्यादा आणखी खाली येते, तेव्हा दोन्हींसाठी मापाचं एकच भांडं वापरू नका. दाण्यांवरचा ओलावा दुपारी सुकला की विरघळलेला क्षार दाण्यांच्या फटीत पुन्हा गोठतो आणि त्यांना सांधून टाकतो. गोळे होतात ते असे.

असं खत वापरताना वजनाचा हिशोब करा. २५ किलोची गोणी २६.५ किलो भरली, तर वरचं दीड किलो निव्वळ पाणी. मात्रा ५ किलोची असेल तर या गोणीतून ५.३ किलो घ्या. पाणी गोणीतून गळून गेलं असेल तर मात्र नायट्रेटही त्याच्यासोबत गेलेलं असतं. तिथे हा हिशोब चालत नाही.

उघडलेल्या गोणीचं आतलं प्लास्टिक पिळून, हवा काढून सुतळीने घट्ट बांधा. गोण्या विटांवर फरशी टाकून ठेवा, भिंतीपासून फूटभर दूर. जस्ताच्या पत्र्याला टेकवू नका, ओलं नायट्रेट पत्रा खातं. थप्पी उंच रचली की खालच्या गोण्या दाबाने जास्त घट्ट होतात, म्हणून थप्पी बुटकी ठेवा आणि जुना माल आधी काढा.

नायट्रेट स्वतः पेटत नाही, पण लागलेल्या आगीला ऑक्सिजन पुरवतं. भुरी रोगासाठी आणलेलं गंधक, डिझेल, भुसा, कडबा त्या खोलीत नकोच. सांडलेलं खत भुशाने टिपू नका, झाडून वेगळं भरा. रिकाम्या गोण्या धुऊन घ्या. क्षार मुरलेलं तागाचं पोतं सुकल्यावर भडकन पेटतं. लेबनॉनमधल्या बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी फुटलेला साठा अमोनियम नायट्रेटचा होता. ते कॅल्शियम आणि पोटॅशियम नायट्रेटपेक्षा कितीतरी धोकादायक. आपल्याकडे त्याच्या साठवणुकीला २०१२च्या नियमांनुसार परवाना लागतो. पण आगीपासून सांभाळण्याची शिस्त इथेही तीच.

आग लागलीच तर माती किंवा ओली पोती टाकून ती गुदमरत नाही, कारण तिला लागणारा ऑक्सिजन खतातूनच मिळतो. माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा, दुरून भरपूर पाणी मारा. तपकिरी धूर दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. तो धूर छातीत गेलेल्या माणसाला लगेच काही जाणवलं नाही तरी दवाखान्यात न्या. फुफ्फुसात पाणी भरायला कित्येक तासांनी सुरुवात होऊ शकते.